आटणं हा नदीचा आजार नव्हे

एप्रिल उजाडला की विदर्भातल्या गावागावांत नदी-नाल्यांवरून तोच वाद पुन्हा सुरू होतो. एक बाजू म्हणते, नदी गाळानं भरली, झुडपांनी गिळली. पोकलेन लावा, खोल करा, रुंद करा, सरळ करा. दुसरी बाजू म्हणते, नदी मेली. तिला जिवंत करा, बारमाही वाहती करा. पहिल्या बाजूला कास्तकार, कंत्राटदार आणि निवडणुकीला उभे राहणारे. दुसऱ्या बाजूला निसर्गप्रेमी, महाविद्यालयातले प्राध्यापक आणि शहरातून आलेले कार्यकर्ते. भांडण तावातावाचं असतं, पण दोघांची मूळ समजूत एकच आहे. नदी कोरडी पडणं हा दोष आहे आणि तो दूर केला पाहिजे, असं दोघांनाही वाटतं. मला ही समजूतच चुकीची वाटते. आपल्या बहुतेक लहान नद्या आटतात, कारण त्या तशाच घडल्या आहेत. त्यांचं पाणी जितकं त्यांचं, तितकंच त्यांचं आटणंही त्यांचं. त्यांना वाचवायचं असेल तर रेती, डोह आणि काठचं रान जपावं लागेल, आणि नदी पूर्वी ज्या सुमाराला आटायची त्या सुमाराला तिला आटू द्यावं लागेल. बारा महिने पाणी खेळवण्याचा हट्ट आणि पोकलेनची घाई, दोन्ही सोडावे लागतील.

विदर्भाचा पाऊस पाहा. पश्चिमेला बुलढाणा-अकोल्यात साताठशे मिलिमीटर, पूर्वेला गडचिरोलीत चौदाशेच्या आसपास, आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पश्चिम विदर्भाच्या पोटात काळा पाषाण. त्यात पाणी मुरतं ते भेगांत, मुरमात आणि विहीर खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात त्या सच्छिद्र थरात. हा साठा मोठा नसतो. पावसाळ्यानंतर तो हळूहळू नदीत झिरपत राहतो आणि संपला की प्रवाह थांबतो. वर्धा, वैनगंगा, पैनगंगा यांसारख्या मोठ्या नद्यांची गोष्ट निराळी; पण त्यांना मिळणाऱ्या शेकडो नद्या-नाल्यांचा धर्म हाच. आणि हे केवळ आपल्याच नशिबी आलेलं नाही. २०२१ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार जगातल्या नद्यांच्या एकूण लांबीपैकी ५१ ते ६० टक्के लांबीवर वर्षातून किमान एक दिवस तरी प्रवाह थांबतो. म्हणजे जगातली निम्म्याहून जास्त नदी ही आटणारी नदी आहे. निम्म्याहून अधिक नद्यांना आजारी ठरवायचं, की नदीबद्दलची आपली कल्पनाच गंगेच्या चित्रावरून उचललेली आहे हे मान्य करायचं?

कोरड्या नदीत काय उरतं, हे पाहायला मार्चअखेर तिच्या पात्रातून चालत जावं. प्रवाह तुटलेला असतो, पण पाणी संपलेलं नसतं. वळणाच्या बाहेरच्या अंगाला, खडकाच्या पोटाशी एखादा डोह असतो. वरून पाहिलं तर हिरवट, साचलेलं पाणी. काठावर उकिडवं बसून थोडा वेळ थांबलं की पृष्ठभागावर एकेक बुडबुडा फुटताना दिसतो. मरळ वर येते, हवेचा घोट घेते आणि खाली जाते. मागूर आणि शिंगीही असंच करतात. पाण्यातला प्राणवायू संपत आला तरी हवेतून श्वास घेण्याची सोय या माशांच्या अंगातच आहे, कारण त्यांचे पूर्वज असल्याच आटत्या पाण्यात टिकले. काठच्या चिखलात पाठीवर माती घेऊन कासव रुतलेलं असतं, पहिल्या पावसापर्यंत हलणार नाही. गोगलगाय शंखाचं झाकण घट्ट लावून खाली निजलेली. जूनमध्ये एका रात्रीत पिवळेधमक होऊन ओरडणारे मोठे बेडूक आत्ता कुठे आहेत? तेही इथंच, जमिनीखाली. आणि ज्या भेगाळलेल्या गाळावर आपण पाय देतो, त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या कवचधारी जीवांची अंडी वाळून पडलेली असतात. ती वर्षानुवर्षं तशी राहू शकतात आणि पाणी आलं की काही दिवसांत फुटतात. पहिल्या पुरानंतर माशांच्या पिल्लांना पहिला घास मिळतो तो यांचाच. हा गाळ म्हणजे पुढच्या पावसाळ्याचं बियाणं आहे. तो टिप्परमध्ये भरून धुऱ्यावर टाकला, तर जून महिन्यात नदीला पाणी येईल, पण त्या पाण्यात पेरायला काही उरणार नाही.

डोहाचं महत्त्व यातच आहे. मिरगाचा पाऊस पडून नदी दुथडी वाहू लागली की याच डोहांत तग धरलेले मासे चढणीला लागतात आणि वरच्या नाल्यांत, बांधांत, धानाच्या बांध्यांत पसरतात. दहा किलोमीटर नदीतले चार डोह टिकले तर दहा किलोमीटर नदी टिकते. चारही डोह गेले तर वरच्या भागात मासा यायचा कुठून? एप्रिल-मेमध्ये डोहात करंट सोडून किंवा ब्लीचिंग पावडर टाकून मासे मारण्याचा प्रकार म्हणूनच इतका घातकी आहे. भरल्या नदीत एवढं नुकसान करायला अनेक वर्षं लागतील. आटत्या डोहात ते एका दुपारी होतं.

आता रेतीकडे या. नदी सुरय, टिटवी, चिखल्या हे पक्षी उन्हाळ्यात उघड्या रेतीवर आणि गोट्यांत अंडी घालतात. घरटं असं काही नसतंच, एक उथळ खळगा. अंड्यांचा रंग रेतीशी इतका मिळतो की पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. वेडे राघू आणि कवड्या धीवर काठाच्या मऊ दरडीत बिळं करतात. म्हणजे पात्र कोरडं असण्याचा काळ हाच कित्येक जीवांच्या विणीचा काळ. नेमकं याच काळात आपण पात्रात उतरतो. पावसाळ्यात रेतीउपशाला बंदी असते, ती योग्यच आहे. पण नदीला सांभाळायचं ते फक्त पाणी असताना, असा तिचा अर्थ झाला आहे. ऑक्टोबर ते जून पात्र मोकळं, आणि त्यातले फेब्रुवारी ते मे सगळ्यात जास्त घाईचे. टिप्परच्या चाकाखाली काय गेलं, याची नोंद कुठल्याही वाहतूक परवान्यावर होत नाही.

इथं समोरून एक जोरदार आक्षेप येतो आणि तो टाळून पुढं जाता येणार नाही. सुरय आणि बेडूक ठीक आहेत, पण माणसाचं काय? कोरडवाहू कापूस आणि तुरीवर जगणाऱ्या, कर्जानं पिचलेल्या मुलखात, जिथं कास्तकारांच्या आत्महत्यांनी देशाला हादरवलं, तिथं नदी खोल करून विहिरीला दोन महिने जास्त पाणी मिळत असेल तर ते नाकारण्याचा अधिकार कुणाला आहे? हा आक्षेप मी मनापासून मानतो. एवढंच नव्हे, खोलीकरणानं काही ठिकाणी फायदा झाला हेही मानतो. जिथं शेतांतून वाहून आलेल्या मातीनं नाला खरोखरच बुजला होता, तिथं ती माती काढल्यावर पाणी थांबलं आणि काठच्या विहिरींना पाझर वाढला. नाला अंगावर येऊन उभं पीक खरडून नेतो, तेव्हा होणारा संतापही मी समजू शकतो. २०२३ च्या जुलैत संग्रामपूर-जळगाव जामोद भागात आणि यवतमाळ जिल्ह्यात काय झालं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. त्या माणसाला जाऊन जैवविविधतेवर व्याख्यान देणं क्रूरपणाचं होईल.

पण खोलीकरणानं पाणी वाढतं, हा दावा पाण्याच्याच हिशेबावर तपासून पाहू. रेतीच्या एका घनमीटरमध्ये पाव ते एक तृतीयांश जागा पोकळ असते आणि ती पाण्यानं भरते. वरचा हात-दीड हात थर वाळला की खालचं पाणी ऊन ओढू शकत नाही. उघड्या खड्ड्यातलं पाणी मात्र मे महिन्यात दिवसाला सेंटीमीटरभर सहज उडून जातं. म्हणजे रेती हा नदीचा रांजण आहे, आणि आपण रांजण फोडून परातीत पाणी ठेवतो आहोत. केनियातल्या मचाकोस आणि किटुई भागात लोक आटणाऱ्या नद्यांत मुद्दाम बुटके बांध घालून रेती साठवतात, कारण कोरड्या मुलखात पाणी ठेवायची सगळ्यात सुरक्षित जागा रेतीचं पोट आहे हे त्यांना कळलं आहे. आपल्याकडच्या बायांना ते कधीपासून ठाऊक आहे. कोरड्या पात्रात हातानं रेती उकरून केलेला झिरा पाहा. कोपरभर खोल गेलं की रेती ओली लागते. आणखी थोडं उकरलं की तळाशी गढूळ पाणी गोळा होतं. ते दोन-तीनदा उपसून टाकलं की मग निवळ, थंड पाणी वर चढतं. वाटीनं गुंड, म्हणजे हंडा, भरायचा. रात्रभरात झिरा पुन्हा भरलेला असतो. जिथं पोकलेन पाषाणापर्यंत पोचला, तिथं झिरा उकरायला रेतीच नाही. तिथं खड्डा आहे, त्यात पावसाळ्यात पाणी असतं आणि पुढे होळीपर्यंत शेवाळ.

दुसरा हिशेब विहिरींचा. पात्राचा तळ काठच्या भूजलाच्या पातळीखाली नेला की नाला पाणी मुरवण्याऐवजी काठांतलं पाणी खेचू लागतो. मुरूम आणि मांजऱ्या हेच पाण्याचे थर. तेच खरवडून बाहेर फेकले तर साठा वाढला की कमी झाला? नाले खोल-रुंद करून पाणी साठवणाऱ्या, धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरचं उदाहरण नेहमी तोंडावर फेकलं जातं. शिरपूर तापीच्या खोऱ्यात आहे. तिथल्या जाड मातीच्या थरांना जे लागू पडलं, ते आर्णीच्या किंवा देवळीच्या पाषाणाला लागू पडेलच, असं भूशास्त्र सांगत नाही. राज्य सरकारच्या स्वतःच्या मार्गदर्शक सूचनांनीही खोलीकरणाला मर्यादा घातलेल्या आहेत. पाळतो कोण, हा प्रश्न वेगळा. आणि २०१४ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या जलयुक्त शिवारचा अनुभव? कॅगच्या २०२० च्या अहवालात सुमारे ९,६३३ कोटी रुपये खर्चूनही भूजलपातळी वाढवण्याचं उद्दिष्ट साधलं नाही, असा निष्कर्ष आहे. त्या योजनेत चांगली कामंही झाली, हे मी नाकारत नाही. पण जी चांगली झाली ती बहुतेक माथ्यावर, उतारावर झाली. पात्रात यंत्रं घालून झाली नाहीत.

पुराचंही तसंच. नाला सरळ आणि गुळगुळीत केला की आपल्या शेतातून पाणी लवकर जातं, हे खरं. जातं कुठं? खालच्या गावात, जास्त वेगानं. अमेरिकेत फ्लोरिडामधल्या किसिमी नदीची कहाणी या बाबतीत वाचण्यासारखी आहे. पुरांना कंटाळून १९६२ ते १९७१ या काळात तिथल्या सरकारनं १६६ किलोमीटरची वळणावळणाची ती नदी ९० किलोमीटरच्या सरळ कालव्यात कोंबली. पूर आटोक्यात आला, पण काठची दलदल वाळली आणि हिवाळ्यात येणारी नव्वद टक्क्यांहून जास्त पाणबदकं नाहीशी झाली. मग त्याच सरकारनं १९९९ पासून २०२१ पर्यंत बावीस वर्षं घालवून कालव्याचा काही भाग बुजवला आणि नदीला तिची जुनी वळणं परत दिली. श्रीमंत देशाला चूक करणं आणि ती निस्तरणं, दोन्ही परवडलं. आपण दरवर्षी तालुक्या-तालुक्यांत चार-चार किसिमी करतो आहोत. त्या निस्तरायला पैसा कुठून येणार आहे?

बारमाहीचा आग्रह धरणाऱ्यांशी माझं भांडण जास्त जिव्हाळ्याचं आहे, कारण नदीवरचं त्यांचं प्रेम खरं आहे. २ ऑक्टोबर २०२२ ला सेवाग्रामहून 'चला जाणूया नदीला' हे अभियान सुरू झालं, तेव्हा मलाही बरं वाटलं होतं. पण पाणी सतत असलं म्हणजे नदी जिवंत, ही कसोटी टिकत नाही. नागपूरची नाग नदी मे महिन्यातही वाहते. अकोल्याची मोर्णा आटत नाही, म्हणून तर ती जलकुंभीनं इतकी भरली की २०१८ मध्ये अकोलेकरांनी ती हातानं काढली आणि पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्याचा उल्लेख केला. या नद्या सांडपाण्यानं बारमाही झाल्या आहेत. उन्हाळ्यात पात्र वाळलं असतं तर जलकुंभी आपोआप मेली असती. बाहेरून आलेल्या तिलापियासारख्या माशांना कायमचं साचलेलं पाणी मानवतं. आपले देशी मासे पूर आणि कोरड या दोन्ही टोकांना सरावलेले आहेत, आणि दरवर्षीची कोरड हीच त्यांची या पाहुण्यांपासूनची राखण आहे. ती काढून घेतली की मैदान पाहुण्यांचं.

बारमाहीवाल्यांचा एक मुद्दा मात्र बिनतोड आहे. आज कोरड्या दिसणाऱ्या सगळ्या नद्या निसर्गतः इतक्या लवकर आटत नव्हत्या. वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात जा. हजार फुटांच्या बोअर झाल्या, तालुक्यावर ड्राय झोनचा शिक्का बसला. तिथल्या चुडामणसारख्या नदीकाठची म्हातारी माणसं सांगतात त्या सुमारापर्यंत ती आता वाहत नाही. नदीला उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत पाणी पुरवणारं जमिनीतलं पाणी आपण दिवाळीपासूनच उपसू लागतो. हे आटणं निसर्गाचं नाही, आपलं आहे, आणि त्याविरुद्ध लढलंच पाहिजे. फरक इतकाच की लढ्याचं उद्दिष्ट नेमकं हवं. जी नदी पूर्वी फेब्रुवारीअखेर तुटायची, ती आता डिसेंबरात तुटत असेल, तर तिला फेब्रुवारीपर्यंत परत न्यायचं आहे, मेपर्यंत नव्हे. त्यासाठी पात्रात काही करून उपयोग नाही. उपसा आवरावा लागेल. राज्याचा भूजल कायदा २००९ चा, लागू झाला २०१४ मध्ये, आणि बोअरच्या गाड्या आजही रात्री-अपरात्री विनाअडथळा फिरतात. नदी बचावच्या फेऱ्यांमध्ये संत्र्याच्या बोअरबद्दल कुणी बोलत नाही, कारण फेरीत चालणाऱ्यांतच बोअरवाले असतात. हे अवघड बोलणं बोलल्याशिवाय नदीच्या नावानं केलेल्या आरत्यांना अर्थ नाही.

काठच्या रानाबद्दलही बोललं पाहिजे. चंद्रपूर, भंडारा, गोंदियात लोक म्हणतात, नाल्याकाठची झुडपं काढा, त्यांत रानडुक्कर दडतं, वाघ बसतो. जिथं शेतात गेलेला माणूस परत येईल की नाही याचा भरवसा नाही, तिथं हे म्हणणं हसण्यावारी नेणाऱ्याला मी शहाणा म्हणणार नाही. गावालगत, पांदणीशेजारी, शाळेच्या वाटेवर झुडपं काढायलाच हवीत. पण सरसकट काढल्यानं काय होतं? ताडोबा, उमरेड, बोर या जंगलांमधलं जनावर नाल्यांच्या आडोशानंच इकडून तिकडं जातं. आडोसा गेला म्हणून ते जायचं थांबत नाही; उभ्या तुरीतून, पऱ्हाटीतून जातं, जिथं माणूस वाकून काम करत असतो. शिवाय झाऊ, शेरणी, करंज, निर्गुडी, अर्जुन यांची मुळं काठ धरून ठेवतात. ती उपटून उभी दरड केली की पहिल्याच पुरात काठचं शेत ढासळतं आणि तीच माती खालच्या डोहात जाऊन बसते. मग पुढच्या वर्षी पुन्हा गाळ काढायचं अंदाजपत्रक.

आणि माणसांचा प्रश्न काढणाऱ्यांना मी उलट विचारतो, कोणती माणसं? नदीकाठी फक्त सातबारावाले राहत नाहीत. कोरड्या पात्रात डांगरवाडी लावून टरबूज, डांगर, काकडी पिकवणारे धीवर आणि भोई आहेत. रेतीत खड्डे करायचे, शेणखत घालायचं, खालच्या ओलीवर वेल वाढवायचे आणि पूर येण्याआधी सगळं काढून घ्यायचं, ही शेती नदी आटते म्हणून होते. जनावरं घेऊन उतरणारा गुराखी आहे, त्याला उतार हवा. तीन माणूस उंचीची सरळ दरड नको, ज्यात वासरू पडलं तर दोरानं वर काढावं लागतं. झिऱ्यावर येणारी बाई आहे. या लोकांचा नदीवरचा हक्क कुठल्याही कागदावर नाही. रेतीघाटाचा लिलाव होतो तेव्हा ग्रामसभेच्या ठरावात त्यांचा शब्द क्वचितच येतो. जैवविविधता विरुद्ध माणूस अशी मांडणी केली की या माणसांचं नुकसान आपोआप झाकलं जातं, कारण त्यांचं आणि सुरयाचं पोट एकाच रेतीवर चालतं.

असं आपल्याकडे आधीही झालं आहे. इंग्रजांच्या महसुली दप्तरात ज्या जमिनीवर सारा बसत नव्हता ती पडीक ठरली. माळरानं पडीक, गवत पडीक. स्वातंत्र्यानंतर आपण तेच दप्तर पुढं चालवलं. पडीक म्हणून माळांवर झाडं लावली, कारखाने आणले, कालवे नेले. वरोरा-भद्रावती भागात अगदी अलीकडपर्यंत माळढोक दिसायचा. तो गेला, कारण त्याचं घर सरकारी नजरेत रिकामं होतं. कोरडं पात्र आज त्याच रकान्यात आहे. महसूल खात्याला ते रेतीघाट दिसतं, पाटबंधारे खात्याला पाण्याची वाट, आणि जंगलाच्या हद्दीबाहेर वन खात्याला काहीच दिसत नाही. पाणथळ जागांसाठीच्या आंतरराष्ट्रीय रामसर कराराच्या वर्गीकरणात हंगामी नद्या-नाल्यांना पाणथळ म्हणून स्वतंत्र जागा आहे. आपल्या २०१७ च्या पाणथळ नियमांनी मात्र नदीचं पात्र व्याख्येतूनच वगळलं. नदीकाठच्या उद्योगांना थोडाफार आळा घालणारं राज्याचं नदी नियमन क्षेत्र धोरण २०१५ मध्ये रद्द झालं. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये दीपक कुमार खटल्यात लहान घाटांनाही पर्यावरण मंजुरी लागेल असं बजावलं, तेवढाच काय तो आधार.

मग करायचं काय? यात शोधून काढायचं फारसं उरलेलं नाही. आर्वी तालुक्यातल्या काकडदरा या कोलामांच्या गावानं २०१७ मध्ये वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेत पहिला क्रमांक मिळवला, तो डोंगरउतारावर घाम गाळून. राजस्थानात अरवरी नदी परत आली, ती पाणलोटातल्या जोहडांमुळे, म्हणजे मातीच्या छोट्या बांध-तळ्यांमुळे. पात्रात कुणी यंत्र घातलं नव्हतं. अर्जुनी मोरगाव भागातल्या धीवर बायांनी तर कोरडेपणाचाच उपयोग करून घेतला. उन्हाळ्यात मामा (माजी मालगुजारी) तलावांचं पाणी उतरलं की बेशरमची झुडपं उपटायची, उघड्या पडलेल्या तळात देशी पाणवनस्पती लावायच्या; पाऊस आला की मासे आणि पक्षी दोन्ही परतले. तलाव आटला नसता तर हे काम करायचं कुठं? कायद्याचा रस्ताही आहे. सिंधुदुर्गात आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाजवळ सापडलेल्या बोटभर माशासाठी २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ जाहीर झालं. एका माशासाठी तिथं जे होऊ शकतं, ते मेळघाटात सिपना नदीच्या डोहांसाठी किंवा आपल्या गावच्या डोहासाठी का होऊ नये? प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती कागदावर तरी आहे. तिच्या लोकजैवविविधता नोंदवहीत गावातला प्रत्येक डोह नावानिशी आणि तिथल्या माशांसकट लिहून काढायला कुणाची परवानगी लागत नाही.

या सगळ्याहून मोठी एक गोष्ट डोक्यावर येऊन ठेपली आहे. वैनगंगा-नळगंगा जोडप्रकल्पाला २०२४ मध्ये मंत्रिमंडळाची मान्यता मिळाली. सुमारे ४२६ किलोमीटर लांबी, ८७ हजार कोटींच्या वर खर्च. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन १९८८ मध्ये ३७२ कोटींच्या अंदाजावर झालं होतं, हे आठवत असलेल्या माणसाला या आकड्यांवर विश्वास ठेवणं जड जातं. पण मी आत्ता पैशांबद्दल बोलत नाही. पश्चिम विदर्भाला सिंचन हवं आहे, याबद्दलही वाद नाही. प्रश्न असा की हे पाणी गावोगावच्या नद्यांत सोडून त्या बारमाही करण्याची स्वप्नं आत्तापासूनच भाषणांत दाखवली जात आहेत. वैनगंगा गोदावरीच्या खोऱ्यातली, नळगंगा पूर्णेला मिळून तापीच्या खोऱ्यात जाणारी. दोन वेगळ्या खोऱ्यांचं पाणी उन्हाळ्यात कोरड्या पात्रांतून फिरवायचं, म्हणजे सुरयाच्या अंड्यांवर पाणी, डांगरवाडीवर पाणी, आणि एका खोऱ्यातले मासे, रोग, पाणवनस्पती दुसऱ्यात. कालव्याचं पाणी कालव्यात आणि पाइपात राहू द्या. नदीला कालवा बनवू नका.

ग्रामसभेत यंदा खोलीकरणाचं अंदाजपत्रक येईल तेव्हा ते वाचायला मागा. त्यात काढलेल्या मातीचे घनमीटर असतात, यंत्राचे तास असतात, डिझेल असतं. जितकं जास्त खणलं तितकं बिल मोठं. काठच्या विहिरींची पातळी आधी किती होती आणि दोन वर्षांचे मार्च उलटल्यावर किती आहे, हा रकाना त्यात नसतो. पात्रात रेती किती होती, काढली किती, गेली कुठं, हेही नसतं. उतारावरचं काम पूर्ण झाल्याशिवाय पात्रात यंत्र उतरणार नाही, डोह आणि रेतीला हात लागणार नाही, आणि शेवटचा हप्ता विहिरींची पातळी मोजूनच निघेल, या अटी ठरावात लिहून घेता येतात. अशा अटींवर कोणता कंत्राटदार काम घ्यायला तयार होतो, ते पाहू.